मला न वाचता येणारी वही

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या सोसायटीतले झोपाळे रिकामे पडतात आणि खिडक्या बोलायला लागतात. संध्याकाळी सातच्या सुमारास खाली फेऱ्या मारायला उतरावं, तर पहिल्या मजल्यावरून अपूर्णांक ऐकू येतात, दुसऱ्यावरून मुघल बादशहा, आणि चौथ्यावर नागपूरचं एक कुटुंब राहतं तिथून "अरे, कालच तर शिकवलं होतं ना!" हे वाक्य रोज न चुकता खाली पडतं. बाहेर रिंग रोडवर गाड्या खोळंबलेल्या असतात, पाण्याचा टँकर गेटाशी घरघरत उभा असतो, आणि कोपऱ्यातलं ते गुलाबी फुलांचं झाड, ज्याचं नाव इतक्या वर्षांत मी कुणाला विचारलेलं नाही, अंगावर एकही पान न ठेवता फुललेलं असतं. लोक त्याच्याखाली उभं राहून फोटो काढतात. मी मात्र ते फुललेलं दिसलं की वेळापत्रक शोधायला लागते. परीक्षा आल्या.

यंदा माझी मुलगी सई दहावीला आहे. तिच्या खोलीचं दार बंद असतं आणि मी बाहेर सोफ्यावर भाजी निवडत बसते. एवढी भाजी आमच्या तीन माणसांच्या घरात कधीच लागत नाही. नवरा म्हणतो, "अनघा, अगं मेथी संपेल बाजारातली." त्याला काय जातंय बोलायला. मंदार हा जन्मजात निवांत माणूस आहे. सईला पहिलीत असताना ताप आला होता आणि तिची चाचणी बुडाली, तेव्हाही तो शांतपणे म्हणाला होता की पहिलीच्या चाचणीवर कुणाचं लग्न अडत नाही. मला त्याच्या या स्वभावाचा हेवा वाटतो. पण तो किरकोळ हेवा. खरा, ठसठसणारा हेवा मला एका वहीचा वाटला होता, आणि त्या वहीपायी आमच्या शेजारच्या सुमक्काचा. तेव्हा सई सातवीत होती, आणि झाड असंच फुललं होतं.

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. ही सवय ऑफिसच्या आयकार्डासारखी संध्याकाळी गळ्यातून काढून ठेवता येत नाही. सई शाळेत जायला लागली त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक वहीच्या प्रत्येक पानावरून माझी नजर फिरली. तिचं दप्तर मी भरायचे, वह्यांना कव्हरं मी घालायचे, आणि ज्वालामुखीपासून सौर मंडळापर्यंत जे जे प्रोजेक्ट म्हणून शाळेत गेलं त्याला माझ्या बोटांचा डिंक लागलेला असायचा. "आपल्याला उद्या गणित आहे," असं मी ऑफिसातून फोनवर म्हणायचे. आपल्याला! शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही, कारण तिलाही उद्या भूगोल असायचा.

याचं मूळ मला चांगलं ठाऊक आहे. या कन्नड मुलखात येण्याआधी मी चिंचवडमध्ये वाढले. आई पोळीभाजीचे डबे करायची. सकाळी सहापासून पोळपाट सुरू. मी कितवीत आहे असं कुणी विचारलं, तर आई आधी धाकट्या भावाची इयत्ता आठवायची आणि त्यात तीन मिळवायची. प्रगतिपुस्तकावर सही करताना तिच्या बोटांना पीठ असायचं, त्यामुळे माझ्या सगळ्या प्रगतीवर पांढरे ठसे आहेत. आणि माझ्या बाकावर बसायची वैशाली. तिची आई तिच्या शेजारी बसून महाराष्ट्राचा नकाशा काढायची, नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, गिरवून गिरवून. बाईंनी तो नकाशा फळ्याशेजारी लावला होता. माझ्या नकाशातला सह्याद्री सुरवंटासारखा दिसत होता, आणि तो मी एकटीने काढला होता का, हे कुणीही विचारलं नाही. वर्षभर मी फळ्याकडे बघायचं टाळलं. मला वैशालीच्या नकाशाचा हेवा नव्हता वाटत. तिच्या शेजारी बसलेल्या आईचा वाटायचा. तेव्हाच ठरवलं, आपण आई झालो की शेजारी बसायचं.

आणि बसले. सहा वर्षं बसले. मग सहावीत शाळेने दुसऱ्या भाषेसाठी फॉर्म दिला. मी म्हटलं, हिंदी घे, मार्क पडतील आणि मला शिकवताही येईल. सईने फॉर्म भरला, मंदारची सही घेतली आणि शाळेत देऊनही आली. कन्नड.

"का गं?" मी विचारलं.

"इथे राहतो ना आपण," ती म्हणाली. एवढंच.

त्या वर्षी घरात पहिल्यांदा एक अशी वही आली की जी मी उघडू शकत होते, पण वाचू शकत नव्हते. गोल गोल अक्षरं, एकमेकांच्या हातात हात घातलेली, जिलब्या मांडून ठेवाव्यात तशी. मी वही उलटी धरली असती तरी मला कळलं नसतं. पानाच्या शेवटी लाल शाईत शेरा असायचा. तो कौतुकाचा आहे की खरडपट्टीचा, हेही मला समजायचं नाही. मी सईला विचारायचे, आणि ती वहीकडे न बघता म्हणायची, "चांगलं लिहिलंय." टेस्टरला कुणी "चांगलं चालतंय" म्हटलेलं आवडत नाही. पण करणार काय. दुकानातल्या कन्नडमध्ये माझी मजल "स्वल्प जास्ती कोथिंबीर" आणि "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, यापुढे गेली नव्हती. शिकायला हवं होतं, वेळ नव्हता. खरं सांगायचं तर गरज पडली नव्हती.

गंमत म्हणजे त्या एकाच विषयासाठी तिला अभ्यासाला बस म्हणून सांगावं लागत नसे. ती आपली आपण उठायची, वही छातीशी धरायची आणि जिना उतरून जायची. सुमक्काकडे.

आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून एक दोन मजली घर आहे. पुढे छोटा ओटा, ओट्यावर तुळस आणि प्लास्टिकची खुर्ची. सुमक्का निपाणीकडची. घरात मराठी, दारात कन्नड. लग्न होऊन शहराच्या टोकाला बोम्मसंद्राला आली, तिथल्या एका कपड्याच्या कारखान्यात बरीच वर्षं शिलाईकाम केलं, आणि मुलगा व्हाइटफील्डला नोकरीला लागल्यावर त्याने बांधलेल्या या घरात येऊन राहिली. मुलगा सकाळी ऑफिसच्या कॅबमध्ये बसतो तो रात्री उगवतो. सुमक्का दिवसभर ओट्यावर. आमची ओळख गच्चीतून पडलेल्या सईच्या मोज्यावरून झाली. मी खाली गेले तर ती म्हणाली, "अगे, मराठी हाय म्हणायचीस की! ये, स्वल्प चहा घे." मी घाईत होते. मी नेहमीच घाईत असायचे.

सईने मात्र चहा घेतला असावा. कारण सातवीच्या त्या जानेवारीपर्यंत ती सुमक्काला "तू" म्हणायला लागली होती. मी अजून "तुम्ही" म्हणत होते.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो ओटा दिसतो. मी कुकर लावायचे आणि बघायचे. सई जमिनीवर मांडी घालून बसलेली, वही मांडीवर. सुमक्का खुर्चीत, शेंगा सोलत. सई वाचायची, सुमक्का ऐकायची. मधेच सुमक्का काहीतरी बोलायची आणि सई हसायची. माझ्याजवळ अभ्यास करताना सई कधी हसली होती का, हे मी आठवून पाहिलं. मला आठवलं नाही. शिट्टी झाली, दुसरी झाली, चौथी झाली, डाळीचा लगदा झाला. मी तिथेच उभी. ती काय बोलत असेल, यापेक्षा ती कुठल्या भाषेत हसते आहे, याचाच मला जास्त राग आला. माझ्याच पोटची पोर, आणि तिच्या हसण्याचं कारण मला भाषांतर करून घ्यावं लागणार होतं.

"सुमक्का तुझ्या चुका काढते का?" मी एकदा आडून विचारलं.

"छे. ती तर शेंगा सोलते."

"मग शिकवते काय?"

"काहीच नाही. ऐकते."

काहीच न करता एखाद्या बाईने माझी जागा घ्यावी! मी सहा वर्षं घसा कोरडा केला, आणि ही शेंगा सोलून पहिली आली. त्या दिवसापासून मी तिने पाठवलेली शेंगाचटणी खाल्ली नाही. डबीत तशीच ठेवून दिली. मंदारने खाल्ली आणि वर म्हणाला, "वा."

मग फेब्रुवारीत कन्नडच्या मॅडमनी प्रोजेक्ट दिला. शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला भेटा, त्याच्या कामाविषयी विचारा आणि कन्नडमध्ये लिहा. वीस मार्क, वार्षिक परीक्षेत धरले जाणारे. सई कुणाकडे गेली हे सांगायला नको. तीन रविवार ती सुमक्काकडे बसली. तीन रविवार मी खिडकीत. पानं भरत गेली, आठ, नऊ, अकरा, मुखपृष्ठावर तिने सुईदोऱ्याचं चित्र काढलं, आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. सौर मंडळाला मी डिंक लावला होता. इथे मला डिंकाची बाटलीही कुणी मागितली नाही.

"मी बाइंडिंग करून आणते," मी म्हटलं. "ऑफिसखाली दुकान आहे. छान स्पायरल करून देतात."

सईने क्षणभर विचार केला. मग पानं माझ्या हातात दिली. तिने विश्वासाने दिली, हे मला आजही सांगावंसं वाटत नाही, पण तसंच होतं.

ऑफिसात माझ्या टीममध्ये गिरीश होता, धारवाडचा. मी त्याला कँटीनमध्ये गाठलं आणि पानं पुढे केली. त्याने इडली बाजूला सारून वाचायला घेतलं. दोन पानं वाचून तो हसला. मला ते हसणंही खुपलं.

"बहुत मिस्टेक है, मॅडम," तो म्हणाला. "लेकिन रहने दो. बच्ची ने बहुत अच्छा लिखा है."

यातलं दुसरं आणि तिसरं वाक्य माझ्या कानात शिरलंच नाही. बहुत मिस्टेक है. माझ्या घरातून बाहेर जाणाऱ्या कागदावर चुका आहेत, आणि वीस मार्क आहेत! "एक बार ठीक करके दो ना," मी म्हटलं. "प्लीज." तो नको नको म्हणत होता. मी त्याची त्या आठवड्यातली दोन कामं माझ्या अंगावर घेतली. बिचाऱ्याने घरी बसून आठ पानं टाइप करून दिली, वस्त्रोद्योगाचा इतिहास, कापसाचे प्रकार, शिलाई यंत्राचा शोध, सगळं शुद्ध आणि छापील. मी सईचं मुखपृष्ठ तेवढं ठेवलं, आत ती पानं घातली, स्पायरल केलं, आणि सईची अकरा पानं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकली. सकाळी शाळेच्या बसपाशी पिशवी तिच्या हातात देताना म्हटलं, "बाहेर काढू नकोस, वाकेल. तशीच मॅडमना दे." ती बसच्या पायरीवरून "थँक्यू आई" म्हणाली. चोराच्या मनात चांदणं, मी तिच्याकडे बघितलंच नाही. पण त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं, हेही सांगते. अखेर मी त्या वहीत शिरले होते.

मार्चच्या पहिल्या शनिवारी शाळेत ओपन हाउस होतं. वर्गात पंखे फिरत होते आणि आया-बाबा आपापल्या मुलांपेक्षा जास्त घाबरून रांगेत उभे होते. कन्नडच्या मॅडम साठीला टेकलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी. इंग्रजी त्यांना येत असणार, पण कन्नडविषयी कन्नडमध्येच बोलायचं हा त्यांचा नियम होता. त्यामुळे आमच्यासारख्या परगावच्या पालकांच्या बाबतीत त्या टेबलाशी एक मजेशीर प्रकार चालायचा. मॅडम मुलाबद्दल बोलायच्या, आणि ते काय बोलल्या हे ते मूलच आईबापांना सांगायचं. आमच्या पुढच्या मुलाने मॅडमचं दोन मिनिटांचं बोलणं "अक्षर सुधारा म्हणतात" एवढ्यात उरकलं आणि त्याचे वडील समाधानाने उठले.

आमची पाळी आली. मॅडमनी सईचा प्रोजेक्ट टेबलावर ठेवला आणि मधलं पान उघडलं. छापील पान. मी सईकडे पाहिलं. ती त्या पानाकडे पाहत होती. तिने हात पुढे करून एक पान उलटलं, मग आणखी एक. मग मुखपृष्ठ मिटून आपलं चित्र पाहिलं.

"इदु यारु बरदिद्दु?" मॅडमनी विचारलं.

सईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. ती दुभाष्याच्या शांत आवाजात म्हणाली, "मॅडम विचारतायत, हे कोणी लिहिलं. मी सांगू, की तू सांगतेस?"

वर्गात तीसेक माणसं असतील. पंख्याचा आवाज येत होता. बाराव्या वर्षी माझ्या मुलीने मला उत्तर द्यायची संधी दिली होती, आणि मी तिला आजवर एकाही उत्तराची दिली नव्हती. मला पळून जावंसं वाटलं. मला जे काही कन्नड येत होतं, रिक्षातलं, भाजीवालीचं, ते सगळं गोळा करून मी दोन शब्द जोडले. "तप्पु नंदु," मी म्हटलं. चूक माझी.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तो प्रोजेक्ट मिटून माझ्याकडे सरकवला, अगदी हळू, आणि सईला म्हणाल्या, "हेळु." सांग.

आणि सई सांगायला लागली. कागदाशिवाय, उभ्याउभ्या. मला एकही वाक्य कळत नव्हतं. पण तिचे हात कळत होते. तिने दोन बोटांनी हवेत कापडाचं टोक धरलं, उलटवलं, अंगठ्याने दाबलं, बाजूला ठेवलं. पुन्हा टोक, उलट, दाब, बाजूला. पुन्हा. पुन्हा. मग तिने आपल्या गणवेशाच्या कॉलरला हात लावला आणि काहीतरी म्हणाली, आणि त्या कडक इस्त्रीच्या मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. रांगेतल्या एका कन्नड बाईने "अय्यो" म्हटलं. मला सोडून सगळ्यांना ते समजलं. माझ्याच मुलीच्या तोंडून निघालेली गोष्ट त्या अनोळखी बाईपर्यंत पोचली आणि मी दोन फुटांवर कोरडी बसून राहिले. इतका हेवा मला वैशालीच्या आईचाही वाटला नव्हता.

चौदा मार्क मिळाले. लेखी काहीच नसल्यामुळे सहा गेले.

गेटाबाहेर आल्यावर मी म्हटलं, "सॉरी, सई."

ती चालत राहिली. मग म्हणाली, "मला नको म्हणूस. सुमक्काला म्हण."

"तिचा काय संबंध?"

"ती पंधरा वर्षं फक्त कॉलर शिवत होती. बाही दुसरी बाई, खिसा तिसरी. तिने आयुष्यात अख्खा शर्ट एकदाही शिवला नाही. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, तिच्या मुलालापण नाही. मला सांगितलं. आणि तू ते काढून तिथे कापसाचे प्रकार घातलेस."

घरापर्यंत मी सहा मार्कांचं दुःख करायचा प्रयत्न केला, कारण त्याची मला सवय होती. पण ते काही जमेना.

सोमवारी मी ड्रॉवरमधली अकरा पानं घरी आणली आणि सईच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी सुमक्काच्या ओट्यावर गेले. पहिल्यांदाच, घाई नसताना. तिने खुर्ची मला दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. मी सगळं सांगितलं, गिरीश, बाइंडिंग, ड्रॉवर. चटणीचंही सांगितलं. ती ऐकत होती. ऐकणं ही काय चीज असते ते तेव्हा मला कळलं. मधे एकदाही ती "असं कसं केलंस" म्हणाली नाही.

शेवटी म्हणाली, "मला वाईट वाटलं तर वाटलं, गे. खोटं कशाला बोलू? पण तुला एक सांगू? मला तुझा लई हेवा वाटतोय."

"माझा?"

"मग? तू पोरीच्या वहीत घुसतीस. चूक तर चूक, पण घुसता येतंय तुला. माझा ल्योक इंग्लिश शाळेत गेला. त्याची पुस्तकं मी नुसती पुसून ठेवायची. आत काय हाय, काय कळायचं न्हाई. मास्तर म्हणायचा, आई, घरी अभ्यास घ्या. कशाचा घेऊ? मी आपली बाजूला बसायची. काय करायलीस, म्हणून विचारायचा तो. ऐकायलीय, म्हणायची मी." ती हसली. "तो म्हणायचा, तुला काय कळतंय? मग तो आत जाऊन दार लावून वाचायचा. तुझी पोरगी कधी तसं म्हणाली न्हाई मला. एवढंच बघ."

मी तिच्या ओट्यावर बसून तिचा हेवा करत होते, ती माझा. मधे तुळस. दोघींनाही हसू आलं, आणि दोघींचाही हेवा त्यामुळे रतीभर कमी झाला नाही. निदान माझा तरी नाही. चहा मात्र मी दोन वेळा घेतला.

त्यालाही तीन वर्षं झाली. त्या अकरा पानांत आणखी काय होतं, हे मला अजून माहीत नाही. गिरीशला विचारता आलं असतं, त्याने तर वाचलं होतं. कितीदा ओठांवर आलं. विचारलं नाही. आठवीपासून सई दप्तर स्वतः भरते. दोनदा भूगोलाची वही विसरली, एकदा शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभी राहिली. तिने ते महिन्याभराने सांगितलं आणि मी मेथी निवडत राहिले. नववीत गणितात ती घसरली तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी तिच्या नकळत तीन क्लासेसना फोन केले. मंदारने फोन काढून घेतला. मी सुधारले आहे असं कुणी समजू नये. मी फक्त सोफ्यावर बसायला शिकले, आणि सुमक्काच्या ओट्यावर बसून बसून थोडं कन्नड. बोलायचं धाडस होत नाही. समजतं मात्र बरंच. हे मी सईला सांगितलेलं नाही.

काल तिचा कन्नडचा पेपर होता. परीक्षा केंद्राबाहेर आम्ही आया उन्हात उभ्या होतो, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. गेट उघडलं. काही मुलं आयांच्या गळ्यात पडली, काही तिथल्या तिथे प्रश्नपत्रिका उघडून भांडायला लागली. सई आली ती सरळ माझ्याकडे, पण आल्या आल्या हात पुढे करून म्हणाली, "आई, फोन दे ना. सुमक्काला सांगते."

मी फोन दिला. ती माझ्या शेजारीच उभी राहून बोलत होती, हातभर अंतरावर, बिनधास्त, कारण तिच्या लेखी मी त्या भाषेच्या बाहेर होते. "स्वल्प कष्ट इत्तु," ती म्हणाली. थोडा अवघड होता. मग आवाज जरा खाली आला. "कोने प्रश्ने बिट्टे, अक्का." शेवटचा प्रश्न सोडला. वेळ पुरला नाही, असंही म्हणाली. तिकडून सुमक्का काहीतरी बोलली. सईने नाक ओढलं, मनगटाने डोळे पुसले, आणि मग हसली. तेच, ओट्यावरचं हसणं.

शेवटचा प्रश्न किती मार्कांचा असतो, हे मला झोपेतही सांगता येईल. वेळ का पुरला नाही, निबंध आधी लिहिलास का, घड्याळ बघितलं नाहीस का, निदान चार ओळी तरी लिहायच्या. सगळे प्रश्न माझ्या जिभेवर रांग लावून उभे राहिले. आणि त्या सगळ्यांच्या मागे एकच, सर्वांत जुना. तिला का? मला का नाही?

सईने फोन परत दिला. डोळे कोरडे होते. चेहरा नीट केलेला होता, माझ्यासाठी.

"कसा गेला?" मी विचारलं.

"छान गेला," ती म्हणाली.

"हो का?" मी म्हटलं, आणि बाटलीचं झाकण उघडून तिच्यापुढे धरलं. "छान."